खाली, सर!

कमांडर यूसुफ हर्णेकर यांनी पाकिस्तानी नौदलातल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत समुद्रावर एकूण अकरा दिवस काढले, आणि त्यांतले नऊ दिवस ते कठड्याला धरून ओकत होते. उरलेलं सगळं आयुष्य कराचीच्या गोदीतल्या भांडारात गेलं. साबण, कांदे, घोंगड्या, बुटांच्या नाड्या. तरीही लंडनमध्ये हॅरोला लेकीच्या घरी राहायला आल्यावर त्यांनी इंग्रजीत जे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ठेवलं ‘तुफानातली अठ्ठावीस वर्षं’. लेक शाहीन फार्मसिस्ट, मोजूनमापून बोलणारी. तिने विचारलं, की अब्बा, यात तुफान कुठे आहे? तर साहेब म्हणाले, सातवं प्रकरण वाच.

सातवं प्रकरण म्हणजे पान एक्याण्णव. साहेबांचं सगळं वैर त्या एका पानात कोंबलेलं होतं.

हकिगत अशी. सन एकोणीसशे एकसष्ट. ‘महताब’ नावाचं एक जुनाट जहाज नौदलाचं बँडपथक घेऊन कराचीहून चितगावला निघालं होतं. तिथे कुणा बड्या पाहुण्याचं स्वागत व्हायचं होतं. कॅप्टन होते ज़ैदीसाहेब, मूळचे लखनौचे, ज्यांच्या उर्दूला अत्तराचा वास यायचा. आणि नवा कोरा सब-लेफ्टनंट होता यूसुफ हर्णेकर, वय तेवीस. कॅप्टनला सवय अशी, की नव्या पोराला येताजाता हटकून विचारायचं, अमुक कुठे, तमुक कुठे. सकाळपासून चाललं होतं. ‘हर्णेकर, आग का पंप?’ ‘पीछे, सर!’ ‘दवाखाना?’ ‘दाहिने, सर!’ दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र जरा उसळला आणि यूसुफ कठड्याला लटकला. त्याच वेळी वरून कॅप्टनने आवाज दिला, ‘हर्णेकर! मीठे पानी की टंकी?’

यूसुफने टाकी कुठे आहे ते सांगितलं. जहाजाच्या पोटात, खालच्या मजल्यावर. आणि कॅप्टनने ताबडतोब जहाज फिरवलं आणि ते थेट कराचीला परत आणलं.

टाकी काठोकाठ भरलेली निघाली. तिकडे चितगावला पाहुण्याचं स्वागत म्हणे एका पिपाणीवर झालं. चौकशी बसली. यूसुफला आत कुणी बोलावलंच नाही, पण शेवटी जो कागद बाहेर आला त्यावर एक ओळ होती: टाकी रिकामी असल्याची खबर सब-लेफ्टनंट हर्णेकर याने दिली. एवढ्या एका ओळीवर त्याला भांडारात टाकलं, आणि पुन्हा कधी जहाजावर चढू दिलं नाही.

बाप तांडेल, आजा तांडेल, हर्णै बंदरातलं तीन पिढ्यांचं समुद्रावरचं घराणं, आणि पोरगा कांदे मोजतोय. ओकारी व्हायची ते खरं, पण साहेबांना समुद्र मनापासून हवा होता. जन्मभर ओकायची तयारी होती, फक्त ते कठड्यापाशी उभं राहून ओकायचं होतं. ते एका माणसाने खोटं बोलून हिरावून घेतलं, असा हिशेब त्यांनी शेहेचाळीस वर्षं डोक्यात पक्का ठेवला. म्हणून पान एक्याण्णववर कॅप्टन ज़ैदींना त्यांनी एकोणीस वेळा ‘लायर’ म्हटलं होतं. एकाच पानावर. आणि मजा म्हणजे ज़ैदीसाहेब अजून हयात होते, शहाऐंशी वर्षांचे, मुलाकडे कॉव्हेंट्रीला. साहेबांनी प्रकाशनाचं आमंत्रण पहिलं त्यांनाच धाडलं. समोर बसवून, डोळ्यात डोळा घालून ते पान वाचायचं, बस्स, मग मेलं तरी चालेल. कॉव्हेंट्रीहून सुबक अक्षरात दोन ओळींचं उत्तर आलं: ज़रूर हाज़िर हूँगा, इन्शाअल्लाह.

पुस्तक टाइप केलं ते शेजारच्या सुप्रभाबाईंनी. बाई पुण्याच्या, त्र्याहत्तर साली लग्न होऊन हॅरोत आलेल्या, पंचवीस वर्षं कौन्सिलमध्ये टायपिस्ट होत्या आणि निवृत्त झाल्यापासून त्यांची बोटं शिवशिवत असत. ओळख झाली ती कचऱ्याच्या डब्यांवरून. बाई नवऱ्यावर ओरडत होत्या, “अहो, आज ब्राउन बिन आहे, ब्लू नाही!” तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, “बाई, आज कुठलाच नाय. आज बँक हॉलिडे हाय.” बाईंनी वाकून पाहिलं तर पांढऱ्या मिशांचा, ब्लेझर घातलेला एक भारदस्त गृहस्थ.

साहेबांचं उर्दू उत्तम, इंग्रजी कडक इस्त्रीचं, पण मराठी मात्र नऊ वर्षांचं होतं. सत्तेचाळीस साली आईबापांनी हर्णै सोडून कराची गाठली तेव्हा ते जेवढं होतं तेवढंच राहिलं. पुढे ते फक्त आईशी बोलायला उपयोगी पडलं, आणि आई गेल्यावर तेही बंद. त्यामुळे एरवी दरारा वाटायला लावणारा हा माणूस मराठीत शिरला, की तिसरीतला पोरगा मास्तरांकडे चुगली करतोय असं वाटायचं. “बाई, तो ज़ैदी खोटारडा हाय. त्यानं माझं नाव लावलं.” सुप्रभाबाईंना हे ऐकताना हसू यायचं आणि लगेच वाईटही वाटायचं.

पुस्तकं छापून आली. दोनशे प्रती खोक्यांतून शाहीनच्या हॉलमध्ये येऊन पडल्या. प्रकाशनाला सहा दिवस उरले. रविवारी दुपारी सुप्रभाबाईंच्या घरी साहेब वाचनाची तालीम करायला आले. पण बाईंचे यजमान कमलाकर सोफ्यावर पसरलेले होते आणि त्यांना जेवणानंतर इंग्रजी झेपत नसे. ते म्हणाले, “कमांडर, इंग्रजी नको हो आत्ता. ती गोष्ट आपल्या मराठीत सांगा ना.”

साहेब खुशीने उठले. सोफ्याच्या हाताला कठडा केलं, त्यावर ओणवे झाले आणि म्हणाले, “मी इथं ओकतोय. कॅप्टन वर हाय. तो ओरडला, हर्णेकर, मीठे पानी की टंकी? मी बोललो, खाली, सर!”

सुप्रभाबाईंचा कप ओठापाशीच थांबला.

“काय म्हणालात?”

“खाली.”

“हे आत्ता आम्हाला मराठीत सांगताय म्हणून खाली, की तेव्हाही खालीच म्हणालात?”

“तेव्हा नीचे बोललो. उर्दूत बोललो. मी ऑफिसर हाय, बाई.”

बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. इंग्रजीत सरळ लिहिलं होतं, की मी ‘बिलो, सर’ असं उत्तर दिलं. त्यांनीच टाइप केलं होतं ते वाक्य, आणि शंका यायचं काही कारणच नव्हतं. कमलाकर डोळे मिटूनच म्हणाले, “टंकी खाली म्हणजे हिंदीत टाकी रिकामी, नाही का?” आणि घोरायला लागले.

साहेब लालबुंद झाले. टोपी उचलली आणि चालते झाले. सोमवारी दिवसभर कुंपणापाशी फिरकले नाहीत. बाईंनी आळूवड्या पाठवल्या, त्या तेवढ्या ठेवून घेतल्या. मंगळवारी सकाळी मात्र स्वतःच आले, दाढीसुद्धा न करता.

“बाई, मी नीचेच बोललो. मी सिद्ध करतो.”

“शेहेचाळीस वर्षांनी कसं सिद्ध करणार, कमांडरसाहेब?”

“मला परत बोटीत घाला.”

बोट म्हणून जे मिळालं ते हाइड पार्कच्या तळ्यातलं, पायांनी पायडल मारत चालवायचं एक निळं प्लास्टिकचं धूड होतं. सुप्रभाबाई साडीवर कार्डिगन, पायात ट्रेनर्स, अशा थाटात बसल्या. साहेब शेजारी, नौदलाची टाय लावून. तळ्याचं पाणी ताटातल्या वरणाइतकं निवांत होतं. बाईंनी आपला चष्मा काढून पायाशी ठेवला आणि सिनेमातून शिकलेल्या हिंदीत परीक्षा सुरू केली.

“कमांडर साहब, किनारा?”

“पीछे.”

“मेरा पर्स?”

“आपके बाज़ू में.” साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “बघा. नीट बोलतो ना मी?”

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या, आणि सुकाणूचा दांडा एका बाजूला ओढून, दात-ओठ खाऊन त्यांनी असं काही पायडल हाणलं, की ते धूड जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. बदकं ओरडत उडून गेली. साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग पिवळा, मग कच्च्या कैरीसारखा हिरवा झाला. त्यांनी कडेला मान टाकली. बाईंनी नेमकी तीच वेळ साधली आणि खणखणीत आवाजात विचारलं,

“हर्णेकर! मेरा चश्मा?”

“खाली!” साहेब ओरडले. “खाली, सर!”

आणि मग जे व्हायचं ते तळ्यात झालं. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं, टाय सरळ केली. पोटात ढवळलं की आईची भाषा वर येते, हे त्यांना एकोणसत्तराव्या वर्षी कळलं होतं. शेहेचाळीस वर्षं त्या माणसाला शिव्या दिल्या, आणि त्याने आपलंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं.

“बाई,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मग मी आता कुणावर रागवू?”

सुप्रभाबाईंना एकदम भरून आलं. रडणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं, कारण बोट तळ्याच्या मधोमध होती. “आधी पायडल मारा,” त्या म्हणाल्या.

परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत हॅरो येईपर्यंत साहेबांनी तीनदा सांगितलं, की प्रकाशनच रद्द करा. बाई म्हणाल्या, हॉल बुक आहे, आळू आणलाय, आणि कॉव्हेंट्रीहून शहाऐंशी वर्षांचा माणूस निघायच्या तयारीत आहे. रद्द-बिद्द काही होणार नाही.

मग पान फाडायचं का? शाहीन तेच म्हणाली. पण साहेबांनी पान उलटून दाखवलं. मागच्या बाजूला, पान ब्याण्णववर, त्यांच्या आईच्या हातच्या आमटीचं वर्णन होतं. पुस्तकात आई तेवढ्याच पानावर होती. तेव्हा फाडणं बाद. मग सुप्रभाबाईंनी कौन्सिलातला पंचवीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मार्ग काढला. बारीक पांढऱ्या पट्ट्या छापायच्या आणि जिथे जिथे ‘लायर’ आहे तिथे तिथे त्यावर ‘जंटलमन’ चिकटवायचं. दोनशे प्रती, एकोणीस ठिकाणं, तीन हजार आठशे पट्ट्या. बुधवार ते शुक्रवार शाहीनच्या जेवणाच्या टेबलावर चौघं बसले. कमलाकरांनी पहिल्या चाळीस प्रतींत निम्म्या पट्ट्या उलट्या लावल्या, म्हणून त्यांना डिंक ढवळायच्या कामावर बसवलं.

घाईत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. शब्द बदलला, पण आजूबाजूची वाक्यं तीच राहिली.

शनिवारी दुपारी हॅरोच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये एकतीस माणसं जमली. निम्मी शाहीनच्या ओळखीची, निम्मी आळूवड्यांच्या. पहिल्या रांगेत थ्री-पीस सुटातले कॅप्टन ज़ैदी, काठीवर दोन्ही हात, कानात शिट्टी वाजवणारं यंत्र. साहेबांनी त्यांना सॅल्यूट ठोकला आणि त्यांनी बसल्या बसल्या मान लववली.

त्यांनी पान एक्याण्णव उघडलं आणि इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. पण ज्या रागाने ते पान लिहिलं होतं आणि महिनाभर घोकलं होतं, तो राग आवाजात आपसूक आला.

“माझ्या आयुष्यात असा अट्टल सद्गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही!”

ज़ैदीसाहेबांनी मान तुकवली.

“तो जन्मजात सद्गृहस्थ होता, आणि मला दाट संशय आहे, की त्याचा बापही सद्गृहस्थच असावा! भर चौकशीत, वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत, हा माणूस धडधडीत सद्गृहस्थासारखा वागला! अशा सद्गृहस्थांना नौदलातून हाकलून लावलं पाहिजे!”

सभागृहात चुळबुळ झाली. मागे कुणीतरी हळूच विचारलं, की हे कौतुक चाललंय की काय चाललंय? सुप्रभाबाईंनी पदर तोंडात कोंबला. ज़ैदीसाहेब प्रत्येक ‘जंटलमन’ला अदबीने झुकत होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी मात्र वाढत चालली होती. साहेबांनी पुढची ओळ पाहिली, घाम पुसला, आणि पुस्तक मिटलं.

“सर,” ते उर्दूत म्हणाले, “मुझे कुछ अर्ज़ करना है.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. हर्णै, आई, कठडा, तळं, चष्मा. “वो खाली मेरी माँ की ज़बान का था, सर. हमारे यहाँ उसका मतलब है, नीचे.”

ज़ैदीसाहेबांनी कानामागे हात धरला. “क्या खाली था?”

“कुछ भी खाली नहीं था, सर. टंकी भरी थी. नीचे थी.”

म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. कानातलं यंत्र किंचाळलं, तेव्हा लोकांना कळलं की हे हसणं आहे. हसता हसता ते बोलायला लागले, संथ, अत्तराच्या उर्दूत. चौकशीत मला विचारलं, ते म्हणाले, की टाकीत स्वतः डोकावून पाहिलंत का? मी म्हटलं, नाही. का नाही पाहिलंत? म्हटलं, माझ्या ऑफिसरने सांगितलं होतं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, ज़ैदी, एवढंच लिहून द्या की पोरगा खोटं बोलला, तुमचं जहाज तुमच्याकडे राहील. मी म्हटलं, साहेब, पोरगा ओकत होता. ओकताना माणूस खोटं बोलत नाही.

“फिर, सर?” साहेबांनी विचारलं.

“फिर क्या, मियाँ. मुझे भी जहाज़ नहीं मिला. लायब्ररी मिली.” त्यांनी हात उडवला. “किताबें अच्छी थीं.”

ज्याला शेहेचाळीस वर्षं खोटारडा म्हटलं, त्या एकाच माणसाने आपल्याला खोटं ठरवायला नकार दिला होता, आणि तोही आपल्यासारखाच किनाऱ्यावर पडून राहिला होता. कराचीच्या त्याच गोदीत, बहुधा दोन इमारती सोडून.

ज़ैदीसाहेबांनी एक प्रत मागवली. पान एक्याण्णव शोधलं. पांढऱ्या पट्ट्यांनी ते पान जखमांना पट्ट्या बांधल्यासारखं दिसत होतं. त्यांनी नखाने एक पट्टी हळूच उचलली, खालचा शब्द वाचला, भुवई वर केली. दुसरी उचलली. तिसरी. सुप्रभाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हाताऱ्याने तिन्ही पट्ट्या अंगठ्याने एकेक करून पुन्हा दाबून बसवल्या, अगदी कडेपर्यंत, आणि वर बघून म्हणाले,

“सही.”

म्हणजे ठीक आहे, बरोबर आहे, मिटलं. पण कमांडरसाहेबांच्या पोटात त्या वेळी अख्खा अरबी समुद्र उसळला होता, आणि अशा वेळी त्यांना शब्द आईच्याच भाषेत ऐकू यायचे. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कॅप्टनपुढे वाकून विचारलं, “कहाँ करूँ, सर?”

ज़ैदीसाहेबांनी पेनकडे पाहिलं. मग साहेबांच्या हिरवट चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना उमगलं. पट्ट्यांनी गजबजलेल्या त्या पानावर त्यांनी बोट फिरवत फिरवत अगदी तळाशी, कोऱ्या समासावर नेऊन ठेवलं.

“खाली,” ते म्हणाले.

“येस, सर,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी तिथे सही केली.